म्हातारीची तब्येत

४ नोव्हेंबर

ताईस,

धाकटीचा नमस्कार. वाकून केला असं समज. खरोखर वाकले तर मला परत सरळ करायला दोघं लागतात.

मागच्या पत्रात विचारलंस, येतेस कधी? अगं, येतेच आहे. पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. तुझ्यासाठी विणलेली शाल त्यात अगदी वर ठेवली आहे, म्हणजे आल्या आल्या तुला नावं ठेवता येतील. अडलंय ते गाडीपाशी.

बसने ये म्हणू नकोस. बसची पायरी माझ्या गुडघ्याच्याही वर येते, आणि मध्ये उतरून दुसरी बस धरायची म्हणजे तोच कार्यक्रम पुन्हा. फोनवर बोलावं, तर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडायला लागले की शेजारचे भांडण सोडवायला येतात. म्हणून हा खटाटोप. मी बोलायचं, सूनबाईने लिहायचं, तिकडे तुझ्या भाडेकरू बाईंनी वाचायचं. आपण दोघी शाळेत गेलो नाही म्हणून किती जणींच्या हाताला काम मिळालं बघ.

तर गाडी. यांनी घेतली तेव्हाच ती जुनी होती. आधी कुणा डॉक्टरांकडे होती. हे म्हणाले, डॉक्टरांची गाडी म्हणजे निगा राखलेली असणार. त्यांनी निगा राखली ती लोकांची, हे गाडी घरी आणल्यावर कळलं. हे जाऊन इतकी वर्षं झाली, गाडी मात्र अजून जायला तयार नाही. कुठल्याच अर्थाने नाही. बॅटरी बदलली, तर रेडिएटर गळायला लागला. रेडिएटर झाळून आणला, तर क्लच घसरायला लागला. एकाचं बरं केलं की दुसरा तोंड वर काढतो.

आणि माझा मुलगा! कोर्टातला लघुलेखक. सगळा जन्म लोक बोलतील ते मुकाट्याने लिहून घेण्यात गेला. मेकॅनिक सांगतो, हा मान हलवतो. मी म्हटलं, अरे, विचार तरी, गेल्या महिन्यात बदललेला भाग आज पुन्हा कसा गेला? म्हणतो, "आई, तो सांगतोय ना." उलटतपासणी हा शब्द कानावर रोज पडतो, पण अंगाला कधी लागला नाही.

आता हसण्यावारी नेऊ नकोस, ताई. आपल्या दोघींतली कोणीतरी आधी जाणार. त्याच्या आत मला एकदा तुझ्या ओसरीवर तुझ्यासमोर बसून भांडायचंय. पत्रातलं भांडण पोचेपर्यंत शिळं होतं.

गाडी बरी झाली की निघते.

तुझी
चिमी

(वाचून दाखवणाऱ्या बाईंसाठी, फक्त तुमच्यापुरतं : आई गाडीला 'गाडी' म्हणत नाहीत, 'म्हातारी' म्हणतात. आमच्या मुलीने ठेवलेलं नाव, आता घरात सगळेच तसं म्हणतात. पत्रात ते बरं दिसत नाही म्हणून मी तिथे 'गाडी' लिहिते. माझं शिवणकाम आहे, जास्तीचं दिसलं की कात्री चालतेच. मावशींना हे सांगू नका. त्या आईंना चिडवतील आणि आई मला. – सून)


१५ नोव्हेंबर

चिमे,

पत्र पोचलं. तुझ्याआधी तुझी पत्रंच पोचतात, ती बरी धडधाकट दिसतात.

पाळी कुणाची आहे ते आठवतंय ना? मागच्या खेपेला मी आले होते. त्याच्या मागच्या खेपेलाही मीच. मी थोरली, माझे गुडघे तुझ्याआधी जन्माला आले, आणि धापा टाकत येणारी सारखी मीच? आता तू आल्याशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही. लिहा हो बाई, नीट ठळक लिहा.

आणि गाडीचं मला सांगू नकोस. तुला लहानपणापासून स्वतःचं दुसऱ्याच्या नावावर खपवायची खोड आहे. पेरूच्या झाडावरून पडलीस, ढोपर फुटलं, आणि घरी येऊन काय सांगितलंस? "कुणीतरी पडलंय, फार लागलंय त्याला." आईने विचारलं, कोण गं? तर म्हणे, "असेल कुणी मुलगी." आणि रक्त तुझ्याच फ्रॉकवर! तेव्हा खरं बोल. गाडी नाही म्हणते, का तू नाही म्हणतेस?

शाल कुठल्या रंगाची आहे? पिवळी असेल तर आणू नकोस.

ताई

(लिहिणारीकडून : शाल पिवळी असली तरी आणा. रोज विचारतात. मी शाळेत शिक्षिका आहे, माझी बदली व्हायची आहे, पण जाईपर्यंत पत्रं मीच वाचीन. 'म्हातारी'चं गुपित माझ्याकडे राहील.)


१ डिसेंबर

ताईस,

शाल पिवळीच आहे.

आणि मी निघाले होते! विश्वास बसत नसेल तर पेट्रोल पंपावरच्या माणसांना विचार, ते साक्षीदार आहेत. रविवारी सकाळी गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. मी म्हटलं, हिचा विचार बदलायच्या आत निघा. मी पुढे, मांडीवर पिशवी. सूनबाई मागे, पाण्याचे कॅन धरून. मुलगा चष्मा पुसून बसला. पंपापर्यंत अशी गेली, जशी नवरी! तिथे पेट्रोल घ्यायला थांबवली आणि संपलं. सेल्फ मारला की नुसता टक आवाज. पुन्हा टक. आतून कोणी दाराला कडी लावतंय असा.

मग परत घरापर्यंत ढकलत. मुलगा स्टिअरिंगला, पंपावरचे दोघं आणि सूनबाई मागून, आणि मी आत राणीसारखी. म्हटलं, उतरू का गं, तेवढंच वजन कमी? तर सूनबाई काय म्हणते, "आई, तुम्ही उतरेपर्यंत घर येईल." हे तिने लिहिताना गाळायचं बघितलं, मी पुन्हा म्हणायला लावलं.

तसंही हिचं काहीतरी चालतं. मी एवढी बोलते आणि पत्र एवढंसंच कसं होतं? मापात बसत नाही ते कापून टाकत असणार. पण आता काही दिवस तिची कात्री चालणार नाही. तिच्या वडिलांच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे, ती माहेरी चालली. पुढचं पत्र मुलगा लिहील. त्याला सवय आहे, बोलू ते उतरवून घ्यायची.

तू त्या रविवारी वाट तर बघितली नाहीस ना? मुलाने तुझ्या भाडेकरू बाईंना निघायच्या आधी कळवलं होतं, म्हणून विचारते.

चिमी


१४ डिसेंबर

चिमे,

वाट कोण बघतंय? मला काय कामं नाहीत? रविवारी मी फाटकाशी बसले होते ती ऊन खायला. तुझं अंथरूण घातलं होतं ते उशीला हवा लागावी म्हणून. आणि दोन माणसांचा स्वयंपाक केला होता तो चुकून.

(सूर्य मावळला तरी ऊन खात होत्या. – शिक्षिका)

बाई मध्ये काहीतरी लिहितायत. वाचायला सांगितलं तर म्हणतात, शुद्धलेखन आहे.

स्पष्ट सांगते. यायचं नसेल तर नाही म्हण. मला राग येणार नाही. येईल, पण जाईलही. हे आज गाडी, उद्या गाडी, असं झुलवत ठेवू नकोस. मी काही नवी नाही राहिले, माझेही भाग मिळत नाहीत आता.

बाईंची बदली झाली, हे त्यांच्या हातचं शेवटचं पत्र. पुढचं वाचायला गल्लीच्या तोंडाशी औषधाचं दुकान आहे, तिथला दुकानदार आहे. भला माणूस. लोकांची दुखणी ऐकून ऐकून त्याला प्रत्येक गोष्टीत दुखणंच दिसतं, एवढंच. मी त्याला म्हटलं, पत्र वाचशील का? तर म्हणाला, "आजी, जेवणाआधी का जेवणानंतर?"

ताई


६ जानेवारी

(आईने सांगितले तसे, शब्दशः.)

ताईस. लिहिलंस? हं. ताईस, नमस्कार. बरी असशील. मी पण बरी आहे. बरी आहे असंच लिही.

ताई, म्हातारीचं काही खरं नाही बघ. थंडी पडल्यापासून सकाळी उठायलाच मागत नाही. आधी कण्हते, मग खोकते, मग एकदा सगळं अंग थरथरतं आणि गप्प. परवा तिला हलवायला तीन माणसं लागली. पाणी तर किती पिते! पाजावं तेवढं थोडं, आणि खालून सगळं गळतं. रोज सकाळी फरशी पुसायची. एक डोळा केव्हाच गेला, आता दुसराही मिणमिणतो. आवाज बसलाय. पूर्वी गल्लीच्या टोकाला ऐकू यायचा, आता बेडूक बरा.

जाणत्या माणसाला बोलावलं होतं. त्याने सगळं तपासलं, हात पुसले आणि म्हणाला, आतून झिजलंय, आता हिच्यावर काही करण्यात अर्थ नाही, जितके दिवस ओढेल तितके ओढेल. मग दुसरा एक जण येऊन गेला. तो म्हणतो, आहे तशी उचलून नेतो, तुम्ही फक्त सही करा. आमचे चिरंजीव मान हलवून मोकळे. हे पण लिही. लिहिलंस? गुणाचा गं माझा. सूनबाई फोनवर म्हणाली, बरंच होईल, तेवढीच जागा मोकळी होईल, मला शिलाई मशीन मांडता येईल. नात म्हणते, माझा जीव आहे म्हातारीवर, पण चारचौघांत कुठे बसकण मारली की लाज वाटते.

मला वाईट वाटतं. वाटणारच. इतकी वर्षं एका घरात काढली.

मंगळवारी म्हातारी पायरीपाशी बसली ती उठेना. बराच वेळ तशीच. घरात कोणी नव्हतं. का थांबलास?

(मी : हे केव्हा झाले? आई : मंगळवारी म्हटलं ना! कोर्टात तू साक्षीदाराला प्रश्न विचारतोस का? मी : नाही, ते वकील विचारतात. आई : मग लिही.)

तेव्हा ताई, आता येणं होईल असं दिसत नाही. अंथरूण काढून ठेव. शाल पोस्टाने पाठवते. नको, हे अंथरुणाचं खोड. उगीच मनाला लावून घेईल.

(खोडलेले नाही. बोललेले खोडण्याचा अधिकार लिहिणाऱ्यास नाही.)

संपलं. सही कर माझी.

चिमी


१३ जानेवारी

भाच्या,

हे पत्र तुला आहे, तुझ्या आईला नाही. तिला वाचून दाखवू नकोस.

तुझं पत्र मी औषधवाल्याला तीनदा वाचायला लावलं. पहिल्यांदा वाटलं, तो चुकतोय. दुसऱ्यांदा वाटलं, मला ऐकू येत नाही. तिसऱ्यांदा त्याचाच आवाज बसला. अरे, पोटचा मुलगा तू, आणि आईला म्हातारी म्हणून लिहितोस? तिने म्हटलं म्हणून? ती म्हणणारच! ढोपर फुटलं तरी 'कुणीतरी पडलंय' म्हणणारी आहे ती. आजवर गाडी गाडी करत होती, या पत्रात गाडीचं नावसुद्धा नाही. मला तेव्हाच कळलं, गाडी हे निमित्त होतं, दुखणं हिचं आहे.

एक डोळा गेला आणि मला कळवलं नाहीत! आणि जागा मोकळी होईल म्हणे. तुझ्या बायकोला सांग, मशीन माझ्या डोक्यावर मांड. तो कोण मेला उचलून न्यायला आलाय, कुठल्या आश्रमाचा? त्याला सांग, म्हातारीची थोरली बहीण अजून जिवंत आहे. खबरदार सही केलीस तर. तुझ्या हाताला लिहायची फार सवय आहे, तो जरा खिशात ठेव.

औषधवाला म्हणाला, आधी फोन करू. मी म्हटलं, फोनवर ती 'मी मजेत' म्हणेल आणि मला ते ऐकूही येणार नाही. मी येते आहे. पाळीबिळी गेली चुलीत.

मावशी

(विनंती : पाणी दिवसातून साधारण किती पितात? गळणे कधीपासून? रक्तातली साखर तपासली का? थरथर औषध घेण्याआधी होते की नंतर? फरशी पुसण्याऐवजी एखादे चांगले डायपर सुचवू शकेन. – औषधविक्रेता)


१८ जानेवारी

श्री. औषधविक्रेते यांस,

मावशींनी आपल्याकडून लिहवून घेतलेले पत्र आज सकाळी मिळाले. मावशी स्वतः काल दुपारीच पोचल्या. त्यामुळे त्या का आल्या हे आम्हांला त्या आल्यानंतर समजले.

खुलासा : म्हातारी म्हणजे आमची मोटारगाडी. पाणी रेडिएटरमधले. डोळा म्हणजे पुढचा दिवा. आवाज हॉर्नचा. तपासणारा मेकॅनिक, उचलून नेणारा भंगारवाला. रक्तात साखर नाही, पेट्रोल आहे, तेही कमी. आपण दिलेल्या सल्ल्याबद्दल आभारी आहे.

काल घडले ते आपल्या माहितीसाठी जसेच्या तसे देतो. आई दाराशी शेंगा सोलत बसली होती. रिक्षा थांबली.

मावशी : कुठे आहे ती?

आई : कोण? अगं ताई! तू?

मावशी : डोळा दाखव. दोन्ही दाखव. हे तर दोन्ही आहेत!

आई : आणखी किती हवेत?

मावशी : आणि उचलून कोणाला नेणार होते?

आई : म्हातारीला.

मावशी : तेच विचारते, म्हातारी कोण?

आईने शेडकडे बोट दाखवले. गाडीचे बॉनेट उघडे होते. मावशींनी आत वाकून पाहिले, मग हातातली छत्री गाडीच्या छपरावर जोरात मारली. गाडीचा हॉर्न, जो महिनाभर बसलेला होता, वाजू लागला आणि थांबेना. वायर काढावी लागली. आई हसता हसता शेंगांच्या टोपल्यात बसली. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी सांगितले, सगळ्या गावाला वेड लावलंस तू.

संध्याकाळी त्यांनी मूळ पत्राची माझ्याकडची नक्कल मला पुन्हा वाचायला लावली. (मी नक्कल ठेवतो.) प्रत्येक वाक्याला त्या विचारत होत्या, हे गाडीचं? मी म्हणत होतो, होय. मंगळवारच्या वाक्यावर त्यांनी मला थांबवले. म्हणाल्या, "हे पुन्हा वाच." मी वाचले. "गाडी कुठे उभी असते?" शेडमध्ये, मी म्हणालो. "आणि पायरी?" घराला. मावशी आईकडे बघत राहिल्या. आई म्हणाली, चहा गार होतोय.

मावशी इथे किती दिवस राहणार हे सांगितलेले नाही. त्यांच्या गोळ्या आपण पोस्टाने पाठवाव्यात.

आपला,
लघुलेखक


२६ फेब्रुवारी

चिरंजीवांस आणि सूनबाईस,

दोघांना आशीर्वाद. नातीला पापा.

तू सुखरूप पोचल्याचं कळलं. बसमध्ये उभं राहून गेलास, पाय दुखले असतील, गरम पाण्यात घाल. तू बसच्या खिडकीतून मागे वळून बघत होतास ते मी बघितलं. माझ्याकडे बघत होतास का म्हातारीकडे, ते काही कळलं नाही.

हे पत्र औषधवाला लिहितोय. याची तिसरीच तऱ्हा. सूनबाई कापते, तू सगळं उतरवतोस, हा प्रत्येक ओळीला विचारतो, "म्हणजे नक्की काय?" पोळलाय बिचारा.

आधी प्रवासाचं बोलू. तू भंगारवाल्याला परत पाठवलंस, मेकॅनिकला पहिल्यांदाच चार प्रश्न विचारलेस, मावशी शेजारी छत्री घेऊन उभी होती म्हणून का होईना. आणि म्हातारी आली की! एवढा रस्ता, तो घाट, एकदाही रुसली नाही. तीन तीनदा पाणी पाजायला थांबलो, पण ते आम्हा दोघींसाठीही थांबावं लागतंच. ताई मागच्या सीटवर सगळा रस्ता म्हणत होती, आता बसेल, आता बसेल. माझ्या बहिणीच्या तोंडात चांगलं येत नाही, हे म्हातारीला बहुतेक माहीत असावं. तिने ऐकलं नाही. आणि ताईच्या फाटकात शिरल्यावर गिअर असा अडकला की काढता काढता तुझा हात भरून आला. इथल्या मेकॅनिकने काल बघितलं. म्हणाला, ही इथपर्यंत आली कशी तेच सांगता येत नाही, पुढचं विचारू नका. आता ती पेरूच्या झाडाखाली उभी आहे. ताईने बॉनेटवर तिखट वाळत घातलंय.

आता दुसरं. हे तुला तिथे असताना सांगितलं नाही, कारण तू तोंडावर काही विचारत नाहीस, आणि विचारल्याशिवाय सांगायची मला सवय नाही.

ते मंगळवारचं वाक्य म्हातारीचं नव्हतं. म्हणजे होतं, पण या म्हातारीचं.

तुम्ही सगळे बाहेर गेलात की मी रोज शेडमध्ये जाऊन पुढच्या सीटवर बसायची. यांच्या शेजारची माझी जागा ती. पिशवी मांडीवर घ्यायची आणि ताईकडे जाऊन यायची, मनातल्या मनात, पेट्रोल न जाळता. त्या मंगळवारी परत येताना पायरीवर पाय ठेवला आणि वर घेता येईना. छातीत भाता चालावा तसं झालं. तिथेच बसले. नात शाळेतून येताना दिसली तेव्हा उठले आणि ऊन खात होते म्हणाले. ऊन खायची विद्या आमच्या घराण्यात आहे.

तुला सांगितलं असतं तर तू रजा टाकून उशाशी बसला असतास, डॉक्टर म्हणाले असते प्रवास नको, आणि ताईकडे यायचं कायमचं राहिलं असतं. न सांगावं तर जीव घाबरा होत होता. मग गाडीच्या दुखण्यांत माझं एक सरकवून दिलं. म्हटलं, एवढ्या गर्दीत कोण ओळखतंय. तू ते शब्दशः लिहिलंस. थांबलास तेवढा मात्र. ताईने सगळं पत्र चुकीचं वाचलं आणि तेवढं एकच वाक्य बरोबर वाचलं. आल्या दिवसापासून ती मला पायऱ्या चढताना बघत होती. एक शब्द बोलली नाही, फक्त कोपर धरायची. ती बोलली नाही की समजायचं, कळलंय.

सूनबाई, तुझ्या मनात आलं असेल, मी मशीनच्या जागेबद्दल म्हटलं म्हणून आई तिकडे गेल्या. तसं काही नाही. तू ते गाडीच्या जागेबद्दल म्हटलंस हे मला माहीत नाही का? खुशाल मांड मशीन शेडमध्ये, उजेड चांगला येतो. फरशीवर तेलाचे डाग आहेत, पांढरं कापड खाली सोडू नकोस.

इथल्या डॉक्टरांनी बघितलं. म्हणाले, हृदयाचा पंप थकलाय. पायाला सूज त्याचीच. भाग बदलता येतो का विचारलं. म्हणाले, या वयात नको, गोळ्या घ्या, चढउतार बंद, जितके दिवस चालेल तितके छान चालवा. आपल्या मेकॅनिकपेक्षा गोड बोलतो, बाकी बोलणं तेच. गोळ्या औषधवाला स्वतः आणून देतो आणि मी गिळेपर्यंत समोरून हलत नाही.

(पांढरी सकाळी, गुलाबी रात्री. मीठ कमी. आजी तिखटातलं मीठ चाखतात, त्यांना पत्रातून रागवावे. – औषधविक्रेता)

हा मध्ये काय लिहितोय?

तर ताईच्या घराला पायरी नाही. फाटकातून थेट ओसरी, ओसरीवरून थेट खाट. सकाळी आम्ही दोघी ओसरीवर बसतो आणि भांडतो. शालीवरून झालं, पेरू कुणी तोडला होता त्यावरून झालं, काल पाळी कुणाची यावरून झालं. ती म्हणते, मी आलेच होते, म्हणजे पाळी तुझ्यावर चढली. मी म्हणते, मी आता आले आहे ना, मग फिटली. ती म्हणते, अशी नाही फिटत, जेवढ्या खेपा मी घातल्या तेवढे दिवस राहा. मी म्हटलं, किती होतात? ती म्हणाली, मोजता कोणाला येतंय, आपण शाळेत कुठे गेलो? आणि पिवळी शाल घेऊन आत गेली. रंग आवडत नाही, पण अंगावरून काढत नाही.

तू म्हणशील, आई, परत कधी येतेस? घ्यायला येतो म्हणशील. रविवारी सगळेच या. नातीला आणा, म्हातारीच्या पुढच्या सीटवर बसू दे तिला, तिथून पेरू हाताला येतात. रविवारी जेवा, संध्याकाळी परत जा. तुम्ही तिघं.

संपवते. औषधवाल्या, शेवटची ओळ लिही. म्हातारी इथवर सुखरूप पोचली, आता इथून हलणार नाही.

हा विचारतोय, "आजी, कोणती म्हातारी म्हणून लिहू?" मी म्हटलं, बोलले तेवढंच लिही. माझ्या मुलाचा धंदाच लिहून घ्यायचा आहे, त्याने आपणहून जन्मात कुणाला प्रश्न विचारला नाही. पण हा एक प्रश्न विचारायला तो येईल.

तुझी आई